ॲलन चाचणी

ॲलन चाचणी ही हाताच्या रक्ताभिसरणाची एक साधी वैद्यकीय परीक्षा आहे. तळहाताला रक्त पुरवणाऱ्या दोन प्रमुख धमन्यांपैकी एक बंद पडली, तर दुसरी एकटी हाताचे पोषण करू शकेल काय, हे तिच्यातून पाहिले जाते. तिला कोणतेही उपकरण लागत नाही. तपासणाऱ्याचे दोन अंगठे, रुग्णाची मूठ आणि घड्याळाचा सेकंदकाटा एवढ्यावर ती पार पडते. अमेरिकी वैद्य एडगर व्हॅन नाइस ॲलन (१९००–१९६१) यांनी ती १९२९ मध्ये मांडली. आज जी प्रचारात आहे ती 'सुधारित ॲलन चाचणी' होय. ते रूप आयर्विंग राइट यांनी १९५२ मध्ये दिले.

मनगटातील रेडियल धमनीतून हृदयाची अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी करण्याची पद्धत रूढ झाल्यावर या चाचणीला फार महत्त्व आले. दोन दशकांहून अधिक काळ अनेक रुग्णालयांत तिच्या निकालावरूनच नळी मनगटातून घालायची की जांघेतून, हे ठरत असे. पुढील संशोधनाने तिचा हा अधिकार बराचसा काढून घेतला. तथापि ज्या शस्त्रक्रियांत रेडियल धमनी कायमची काढून घेतली जाते, तेथे तिचे किंवा तिच्या जागी आलेल्या तपासण्यांचे स्थान टिकून आहे.

उगम

या चाचणीचा जन्म हृदयरोगातून झालेला नाही. ॲलन हे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये काम करीत होते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्यांचे विकार हा त्यांचा अभ्यासविषय होता. (नागपूरकरांच्या बोलण्यातले 'मेयो', म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, यांचा त्या संस्थेशी संबंध नाही. नागपूरच्या रुग्णालयाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचे नाव होते. अमेरिकेतील संस्थेचे नाव मेयो या वैद्य पितापुत्रांवरून पडले.) ॲलन यांच्यापुढे प्रश्न होता तो बर्गर विकाराचा. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये सविस्तर वर्णिलेल्या या विकारात हातापायांच्या लहान व मध्यम धमन्यांना सूज येते, त्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि बोटे काळी पडून झडू लागतात. हा मुख्यतः तरुण व मध्यमवयीन पुरुषांचा विकार आहे आणि त्याचा तंबाखूशी अतूट संबंध आहे. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्याला थोपवण्याचा खात्रीचा उपाय मानला जातो. भारतात तो बिडी ओढणाऱ्यांत विशेष आढळतो. भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे तेंदूपानासाठी व बिडी उद्योगासाठी प्रसिद्ध असल्यामुळे विदर्भातील वाचकाला हा संबंध वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

मनगटाच्या वर नाडी व्यवस्थित लागते, पण मनगटाच्या पुढे धमनी बंद आहे की उघडी, हे त्या काळी कळायला सोपा मार्ग नव्हता. ॲलन यांनी तो शोधला. त्यांच्या मूळ पद्धतीत रुग्ण दोन्ही हातांच्या मुठी एकाच वेळी सुमारे मिनिटभर घट्ट आवळून धरी. त्या वेळी परीक्षक दोन्ही मनगटांवरील एकेकच धमनी दाबून ठेवी. मुठी उघडल्यावर दोन्ही तळहातांचा रंग किती लवकर परततो, याची तुलना केली जाई. राइट यांच्या सुधारणेत एका वेळी एकच हात घेतला जातो आणि त्याच्या दोन्ही धमन्या एकदम दाबल्या जातात. त्यामुळे हात खरोखर पांढरा पडतो आणि रंग परतण्याचा क्षण पकडणे सोपे होते. आजच्या पाठ्यपुस्तकांत व प्रात्यक्षिक परीक्षांत 'ॲलन चाचणी' म्हटले की बहुधा हीच रीत अभिप्रेत असते.

हाताचा दुहेरी रक्तपुरवठा

दंडातील ब्रेकियल धमनी कोपराच्या खाली दुभंगते. अंगठ्याच्या बाजूने उतरते ती रेडियल धमनी आणि करंगळीच्या बाजूने उतरते ती अल्नार धमनी. वैद्य ज्या ठिकाणी नाडी पाहतात ती रेडियल धमनी होय. शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांत नाडीपरीक्षेसाठी अंगठ्याच्या मुळाशी असलेली हीच जागा सांगितलेली आहे. ही धमनी त्वचेच्या लगेच खाली, हाडाच्या सपाट पृष्ठावर असते. म्हणून ती बोटाला सहज लागते, सुईला सहज सापडते आणि रक्त थांबवायचे झाल्यास हाडावर दाबून सहज बंदही करता येते. मनगटाच्या मार्गाची सुरक्षितता बव्हंशी या एका शारीर वस्तुस्थितीवर उभी आहे.

तळहातात शिरल्यावर दोन्ही धमन्या एकमेकींना दोन कमानींनी जोडल्या जातात. त्वचेजवळची उथळ कमान प्रामुख्याने अल्नार धमनीपासून आणि खोलवरची कमान प्रामुख्याने रेडियल धमनीपासून बनते. या कमानींतून बोटांकडे शाखा जातात. गावाला दोन विहिरींतून पाणी येत असावे आणि दोन्हींचे पाट मध्ये जोडलेले असावेत, तशी ही रचना आहे. एक विहीर आटली तरी दुसरीचे पाणी सर्व घरांना पोहोचू शकते. मात्र पाट सर्वांच्या हातांत सारखे जोडलेले नसतात. कोलमन आणि ॲन्सन यांनी १९६१ मध्ये ६५० हातांच्या विच्छेदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उथळ कमान ७८.५ टक्के हातांत पूर्ण आणि उरलेल्यांत अपूर्ण आढळली. खोल कमान मात्र जवळजवळ सर्वच हातांत पूर्ण असते. शिवाय दोन हाडांच्या मधून उतरणारी इंटरऑसियस धमनी आणि मनगटाभोवतीचे बारीक धमन्यांचे जाळे हेही गरज पडल्यास कामाला येतात. ही तिसरी वाट ॲलन चाचणीत फारशी दिसत नाही आणि पुढे जो वाद झाला त्याचे एक मूळ येथे आहे.

करण्याची रीत

रुग्णाला बसवून किंवा उताणे झोपवून एक हात थोडा वर धरायला सांगतात. तो मूठ घट्ट आवळतो किंवा काही वेळा उघडझाप करतो. यात सुमारे अर्धे मिनिट जाते. मूठ आवळलेली असतानाच तपासणारा आपल्या बोटांनी मनगटावरील दोन्ही धमन्या दाबून धरतो. मग रुग्ण मूठ सैल सोडतो. तळहात पांढराफटक दिसतो. आता अल्नार धमनीवरील दाब सोडायचा, रेडियलवरील ठेवायचा आणि सेकंद मोजायचे. अंगठ्यासह सगळा तळहात पुन्हा गुलाबी व्हायला जितका वेळ लागतो, तो या चाचणीचा निकाल.

साधारणपणे ५ ते ७ सेकंदांत रंग परतला तर अल्नार धमनी व कमानी चांगल्या, आणि १० सेकंदांहून अधिक लागले तर रक्तपुरवठा अपुरा, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु ही सीमा सर्वत्र एक नाही. कोणी ५ सेकंदांवर रेघ ओढतो, कोणी ९ वर, तर कोणी १० वर. ज्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याचे गुणच परीक्षकागणिक बदलतात, तिच्या निकालांची तुलना करणे अवघड असते. या चाचणीवरील साहित्य वाचताना ही अडचण पदोपदी जाणवते. निकालाला 'पॉझिटिव्ह' म्हणायचे की 'निगेटिव्ह', याविषयीही गोंधळ आहे: काहींच्या लेखी रंग लवकर परतणे म्हणजे पॉझिटिव्ह, काहींच्या लेखी नेमके उलट. म्हणून नोंद करताना किती सेकंद लागले तेच लिहावे, हा सल्ला शहाणपणाचा आहे.

रेडियलऐवजी अल्नार धमनी दाबून ठेवून रेडियलवरील दाब सोडला, तर ती उलट ॲलन चाचणी होते. अल्नार धमनीतून नळी घालायची असेल किंवा आधी वापरलेली रेडियल धमनी अजून उघडी आहे का हे पाहायचे असेल, तेव्हा ती करतात.

रीत सोपी असली तरी चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. मूठ सोडताना रुग्णाने बोटे ताठ ताणली किंवा मनगट मागे वाकवले, तर ताणलेल्या कातडीमुळेच तळहात पांढरा राहतो आणि निरोगी हातही नापास होतो. ही चूक १९७० च्या दशकाच्या आरंभीच दाखवून देण्यात आली होती, तरी ती आजही होते. याउलट धमनी पुरती दाबली गेली नाही, तर हात पांढराच पडत नाही आणि खोटा दिलासा मिळतो. थंडीने हात गारठले असतील, रुग्ण घाबरलेला असेल किंवा रक्तदाब फार उतरलेला असेल तर रंग हळू परततो. बेशुद्ध रुग्णाला मूठ आवळता येत नाही. त्याची मूठ दुसऱ्याने आवळून धरावी लागते.

आपल्याकडे या यादीत आणखी काही गोष्टींची भर पडते. तळहातावर ताजी मेंदी असेल तर रंग परतला की नाही हे ठरवणे कठीण जाते. कुदळ-फावडे चालवून किंवा ओझी वाहून घट्टे पडलेल्या हाताचीही तीच स्थिती. मनगटावरील गंडा, घड्याळ व कडे काढावे लागते. बांगड्यांचा प्रश्न नाजूक असतो. लग्नाचा किंवा सौभाग्याचा म्हणून घातलेला चुडा ऐन आजारपणात उतरवायला पुष्कळ स्त्रिया मनातून कचरतात. बांगड्या वर सरकवून चिकटपट्टीने बांधणे किंवा दुसरा हात वापरणे हा त्यावरचा मार्ग आहे.

हृदयाकडे जाणारी वाट

ज्या वर्षी ॲलन यांनी आपली चाचणी मांडली, त्याच १९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्ड येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून एक लांब नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण विभागात जाऊन तिचे चित्र काढून घेतले. त्यांना १९५६ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध यायला साठ वर्षे लागली.

मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयाच्या धमन्यांची निवडक अँजिओग्राफी सुरू केली, तेव्हा ते दंडातील धमनी छेद देऊन उघडत. १९६० च्या दशकात मेल्विन जडकिन्स यांनी जांघेतील फिमोरल धमनीतून जाण्याची पद्धत आणि त्यासाठी घडवलेल्या नळ्या आणल्या. ही धमनी जाड असल्याने काम सोपे झाले आणि जगभर तीच वाट रुळली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ मध्ये झ्यूरिच येथे केलेली पहिली हृदय-अँजिओप्लास्टीही जांघेतूनच झाली.

जांघेच्या वाटेचा दोष रक्तस्राव हा होता. फिमोरल धमनी खोल असते. नळी काढल्यावर ती दाबून धरावी लागते आणि रुग्णाला काही तास पाय न हलवता उताणे पडावे लागते. क्वचित रक्त पोटाच्या मागील भागात साचत जाते आणि ते बाहेरून दिसतही नाही. अँजिओप्लास्टीच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधे द्यावीच लागतात, त्यामुळे धोका वाढतो.

कॅनडातील माँट्रिऑलचे ल्यूसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातील रेडियल धमनीतून १०० रुग्णांवर केलेल्या अँजिओग्राफीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानंतर ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाय यांनी १९९२ पासून याच वाटेने अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवण्यास सुरुवात केली. भारतात अहमदाबादचे हृदयरोगतज्ज्ञ तेजस पटेल यांनी या पद्धतीचा हिरिरीने प्रसार केला. या विषयावरील त्यांचा सचित्र ग्रंथ परदेशांतही वापरला जातो आणि २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रायव्हल' या आंतरराष्ट्रीय चाचणीत ७,०२१ रुग्ण होते. धमनीच्या मोठ्या गुंतागुंती मनगटाच्या गटात १.४ टक्के आणि जांघेच्या गटात ३.७ टक्के आढळल्या. २०१५ च्या 'मॅट्रिक्स' चाचणीत ८,४०४ रुग्णांचा समावेश होता. तीत मनगटाच्या गटातील मृत्यूंचे प्रमाण १.६ टक्के, तर जांघेच्या गटातील २.२ टक्के होते. युरोपीय हृदयरोग संस्थेने त्याच वर्षी हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात अनुभवी हातांनी मनगटाची वाट प्रथम निवडावी, अशी शिफारस केली.

दारावरचा पहारेकरी

मनगटातून नळी घातल्यावर काही रुग्णांची रेडियल धमनी गुठळी होऊन बंद पडते, हे सुरुवातीपासून ठाऊक होते. ही धमनी जेमतेम २ ते ३ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिच्यात घातली जाणारी नळी बाहेरून जवळजवळ तेवढीच. धमनी बंद पडली आणि अल्नार धमनीही कामाची नसली, तर हात गमवावा लागेल, ही भीती स्वाभाविक होती. ॲलन चाचणी हाताशी होती, फुकट होती आणि दोन मिनिटांत होत होती. ती 'नॉर्मल' असेल तरच मनगट, नाहीतर जांघ, असा नियम पडून गेला. रायव्हल चाचणीतही ज्यांची ॲलन चाचणी सामान्य होती, अशाच रुग्णांना घेतले होते.

नियम सावधगिरीचा दिसतो. पण नापास झालेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न बराच काळ नीट विचारला गेला नाही. तो जांघेच्या वाटेला जातो, म्हणजे जिथे रक्तस्रावाचा धोका अधिक आहे तिथे. नापास झालेले पुष्कळदा वयस्कर, मधुमेही, सडपातळ बांध्याचे रुग्ण असतात. जांघेतील रक्तस्राव ज्यांना सर्वांत महाग पडतो तेही हेच. हात वाचवण्यासाठी लावलेली चाळणी जिवाचा धोका वाढवत असेल, तर ती चाळणी आपले काम किती अचूक करते हे पाहणे भाग होते.

शंका जुन्याच होत्या. अतिदक्षता विभागात व हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब सतत मोजण्यासाठी रेडियल धमनीत बारीक नळी ठेवतात. स्लोगॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा १,६९९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. नळी काढल्यावर चतुर्थांशाहून अधिक रुग्णांच्या धमनीतील प्रवाह अंशतः वा पूर्णतः खुंटलेला आढळला, पण एकाचाही हात त्यामुळे धोक्यात आला नाही. उलट, ॲलन चाचणी सामान्य असूनही हाताला इजा झाल्याची विरळा उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. २००० मध्ये जार्व्हिस आणि सहकाऱ्यांनी डॉप्लर तपासणीशी तुलना केली, तेव्हा ५ सेकंदांच्या सीमेवरही ॲलन चाचणी सुमारे ८० टक्केच अचूक ठरली. सीमा आणखी कडक केली की बहुसंख्य निरोगी हातही नापास होऊ लागतात.

कॅनडातील जेराल्ड बार्बो यांनी २००४ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांनी रंग पाहण्याऐवजी अंगठ्याला ऑक्सिमीटर लावला. कोविडच्या साथीत घरोघरी पोहोचलेल्या त्या चिमट्यासारख्याच जातीचे हे यंत्र; फरक इतकाच की नाडीची लहर पडद्यावर दिसली पाहिजे. रेडियल धमनी दाबल्यावर लहरीचे काय होते, यावरून त्यांनी चार प्रकार केले. 'ए' प्रकारात लहर जशीच्या तशी राहते; 'बी' मध्ये ती खुजी होते; 'सी' मध्ये नाहीशी होऊन दोन मिनिटांत परतते; 'डी' मध्ये परततच नाही. १,०१० रुग्णांच्या या अभ्यासात ॲलन चाचणीने (सीमा ९ सेकंद) ६.३ टक्के रुग्णांना मनगटाची वाट नाकारली असती. बार्बो यांच्या पद्धतीने केवळ १.५ टक्क्यांना. 'सी' प्रकार विशेष बोलका आहे: दाबल्यानंतर लगेच नाही, पण थोड्या वेळाने आडवाटांनी रक्त पोहोचते. ॲलन चाचणीत दहा सेकंदांनंतर पाहणेच थांबते.

यानंतरही 'डी' प्रकारच्या रुग्णांचे काय, हा प्रश्न उरला. मार्को वॅल्जिमिल्यी आणि सहकाऱ्यांच्या 'रडार' या अभ्यासाने (२०१४) तो सरळ हातात घेतला. सामान्य, मध्यम आणि असामान्य अशा तिन्ही प्रकारच्या २०३ रुग्णांवर त्यांनी मनगटातूनच काम केले आणि अंगठ्याच्या रक्तातील लॅक्टेट मोजले. उतींना प्राणवायू कमी पडला की हे द्रव्य वाढते. तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही, कोणाच्याही हाताचा रक्तपुरवठा तुटला नाही, आणि चाचणी नापास झालेल्यांच्या हातांत अल्नार बाजूचा प्रवाह पुढे वाढलेला दिसला. ज्या वाटा चाचणीच्या वेळी मिटलेल्या वाटल्या, त्या गरज पडताच उघडल्या.

या अपयशामागचे कारण तर्काने समजण्यासारखे आहे. हाताला खरी इजा होते ती बहुधा गुठळीचा तुकडा सुटून बोटांच्या बारीक धमन्यांत अडकल्याने, किंवा गुठळी पुढे पसरत गेल्याने. अशा वेळी तळहातातील कमान कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग नसतो, कारण अडथळा कमानीच्या पलीकडे असतो. ॲलन चाचणी पाट जोडलेले आहेत का ते सांगते. पाटात काय वाहून येईल ते ती सांगू शकत नाही. शिवाय ही दुर्घटना इतकी विरळा आहे की तिचे भाकीत करू पाहणारी कोणतीही परीक्षा असंख्य निरोगी हात नापास केल्याशिवाय राहणार नाही.

वैद्यकीय व्यवहार हळूहळू बदलला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७५ देशांतील १,१०७ तज्ज्ञांच्या पाहणीत सुमारे २३ टक्क्यांनी आपण अशी कोणतीही तपासणी करीत नसल्याचे सांगितले होते. पुढील वर्षांत केवळ ॲलन चाचणी नापास झाली म्हणून मनगटाची वाट नाकारू नये, हे मत बळावत गेले. चाचणी शिकवणे मात्र थांबलेले नाही.

धमनी बंद पडणे आणि उलट बार्बो चाचणी

लक्ष आता 'आधी तपासा' यावरून 'नंतर धमनी उघडी राखा' याकडे वळले आहे. पुरेसे हेपॅरिन देणे, शक्य तितकी बारीक नळी वापरणे आणि नळी काढल्यावरचा दाब बेताचा ठेवणे, ही त्याची तीन अंगे. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी रक्त थांबावे म्हणून मनगटावरील पट्टा करकचून आवळत. प्रवाह थांबल्याने धमनीत गुठळी होई. अमेरिकेत काम करणारे समीर पांचोली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ४३६ रुग्णांवरील 'प्रॉफेट' अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पट्ट्याचा दाब असा ठेवला की बाहेर रक्त येऊ नये, पण धमनीतून ते वाहत राहावे. तीस दिवसांनंतर धमनी बंद राहण्याचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. प्रवाह चालू आहे हे पाहण्याची रीत बार्बो चाचणीच्या उलट आहे: ऑक्सिमीटर लावून अल्नार धमनी दाबायची आणि लहर टिकते का ते पाहायचे.

केवळ नाडी चाचपून हे कळत नाही, कारण रेडियल धमनी मनगटाजवळ बंद पडली तरी कमानीतून उलट्या दिशेने येणारे रक्त तिच्या खालच्या भागात ठोका देऊ शकते. नाडी लागते म्हणून धमनी शाबूत, असे समजणाऱ्याची येथे फसगत होते. अंगठ्याच्या मुळाशी दिसणाऱ्या खळग्यातून, म्हणजे मनगटाच्याही पुढून, नळी घालण्याची पद्धत कीमेनाय यांनी २०१७ मध्ये पुढे आणली. तिच्या मागे वरच्या भागातील प्रवाह टिकवण्याचाच हेतू आहे.

जेथे चाचणी अजून लागते

धमनीत नळी घालून काढणे आणि धमनीच कापून नेणे यांत मोठा भेद आहे. दुसऱ्या प्रकारात परतीची वाट नसते.

बायपास शस्त्रक्रियेत रेडियल धमनीचा कलम म्हणून वापर फ्रान्समध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला, मग मागे पडला आणि १९९० च्या दशकात पुन्हा सुरू झाला. पायातील शिरेपेक्षा हे कलम अधिक टिकते, असे सहा चाचण्यांतील १,०३६ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१८ मध्ये दिसून आले. कलम काढण्यापूर्वी ॲलन चाचणी, आणि शंका वाटल्यास डॉप्लर, करण्याची पद्धत आहे. ज्या हातातून अँजिओग्राफी झाली त्या हातातील धमनीच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असू शकते, म्हणून ती कलमासाठी टाळतात.

दुसरे क्षेत्र विदर्भाच्या फार जवळचे आहे. तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत सर्रास खाल्ला जातो आणि जीभ व गाल यांचे कर्करोग येथे मोठ्या संख्येने दिसतात. कर्करोगाचा भाग काढल्यावर तोंडात पडलेली पोकळी भरण्यासाठी पुढील हाताची पातळ, लवचीक त्वचा तिच्या रेडियल धमनीसह उचलून तोंडात बसवतात आणि ती धमनी मानेतील रक्तवाहिनीशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. चीनमधील शल्यचिकित्सकांनी १९८० च्या सुमारास प्रचारात आणलेली ही पद्धत आहे. येथे हाताची एक मुख्य धमनी कायमची जाते, म्हणून उरलेली पुरेशी आहे याची खात्री आधी करून घ्यावीच लागते. शक्यतो रुग्णाचा कामाचा हात सोडून दुसरा निवडतात. बिडीने जडलेल्या विकारासाठी शोधलेली चाचणी अशा रीतीने खर्ऱ्याने जडलेल्या विकारात उपयोगी पडते.

मूत्रपिंडाच्या रुग्णांचा विचार वेगळा करावा लागतो. डायलिसिससाठी मनगटाजवळ रेडियल धमनी शिरेला जोडून जो फिस्टुला तयार करतात (ही पद्धत न्यूयॉर्कमध्ये १९६६ मध्ये वर्णिली गेली), त्याआधी हाताचे अभिसरण तपासले जाते. ज्यांना पुढे डायलिसिस लागण्याची शक्यता आहे, त्यांची रेडियल धमनी हृदयाच्या तपासणीसाठी न वापरता राखून ठेवावी, असे मूत्रपिंडतज्ज्ञांचे सांगणे असते.

महाराष्ट्रातील स्थिती

राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातील गडचिरोली व अमरावती पहिल्या टप्प्यात होते. नागपूरसह उरलेले जिल्हे २०१३ च्या अखेरीस जोडले गेले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. अँजिओप्लास्टीचा तिच्यात समावेश असल्याने पूर्वी या उपचाराच्या वाटेला न जाणारा वर्गही कॅथलॅबपर्यंत पोहोचू लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली.

या वर्गाच्या दृष्टीने मनगटाच्या वाटेला निराळा अर्थ आहे. नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावरील वाडी हे मालवाहतुकीच्या गोदामांसाठी ओळखले जाते. अशा ठिकाणी माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसाला जांघेतून झालेल्या तपासणीनंतर ओझे उचलण्याआधी अधिक दिवस थांबावे लागते. मनगटातून झाली तर तो थोड्याच वेळात उठून बसू व चालू शकतो. मात्र त्याचे पोट हातावर असते, आणि त्यामुळे हाताला काही होणार नाही ना, हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. त्याला द्यायचे उत्तर दहा सेकंदांच्या रंगावरून ठरवावे लागत नाही, एवढे संशोधनाने स्पष्ट केले आहे. नळी काढल्यावर बोटे गार पडणे, निळसर होणे, बधिर होणे किंवा ठणकणे यांपैकी काही जाणवल्यास लगेच सांगावे आणि पट्ट्याचा दाब तपासून घ्यावा, हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणे अधिक उपयोगाचे ठरते.